मैत्रिणीकडे आठ दिवस राहायला जायचंय, घरात दोन लहान मुलं आहेत, काय नेऊ?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार सगळ्यांना. मी चिपळूणला असते. पुढच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलंय, डॉक्टर तिच्या जुन्या ओळखीचे आहेत म्हणून तिकडेच. ऑपरेशन झालं की त्याच दिवशी घरी सोडतात पण दुसऱ्या दिवशी दाखवायला जायचं आणि मग आठवड्याने परत, त्यामुळे आठ दिवस पुण्यातच राहावं लागणार. मी लॉज बघत होते तर माझी कॉलेजची रूममेट, धायरीला असते, तिने फोनवर मला अक्षरशः झापलं, मी इथे असताना काकूंना लॉजवर ठेवणार का तू म्हणून. आता टू बीएचके फ्लॅट, त्यात ती, नवरा, सासूबाई, मोठी मुलगी ८ वर्षांची, धाकटा नुकतीच २ पूर्ण केलेला आणि वर आम्ही दोघी. ती स्वतः नोकरी करते, तीन दिवस ऑफिस दोन दिवस घरून. एवढं करतेय म्हटल्यावर रिकाम्या हाताने जायचा प्रश्नच येत नाही पण नेमकं काय न्यावं तेच सुचत नाहीये.

घाबरण्याचं कारण सांगते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका मैत्रिणीकडे बाणेरला दोन दिवस गेले होते, तिला पण दोन मुलं. मी ऑनलाइन एक गाण्यांचं पुस्तक मागवून नेलं, जाड पुठ्ठ्याचं, बटण दाबलं की बडबडगीत वाजतं तसलं, साडेसहाशे रुपयांचं. मुलं दोन आणि पुस्तक एक. दहा मिनिटांत रडारड. आवाज कमी करायची सोयच नव्हती त्याला, आणि मैत्रीण आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. संध्याकाळी केर काढताना मला सोफ्याखाली एक छोटी चपटी बॅटरी सापडली, पुस्तकाच्या मागचं झाकण निघालं होतं. धाकटी तेव्हा दीड वर्षाची. माझे हातपाय गार पडले होते. मैत्रीण काही बोलली नाही पण ते पुस्तक मला परत दिसलं नाही.

आई म्हणते कोकणातला खाऊ ने, आंबापोळी, काजू, कोकम, आणि निघताना दोन्ही मुलांच्या हातावर पाचशे पाचशे ठेव. मला वाटतं मुलांसाठी काहीतरी वस्तू पण हवी. बजेट सगळं मिळून दोन अडीच हजार. पुण्यातल्या लोकांनी, ज्यांच्याकडे असे पाहुणे येऊन राहतात त्यांनी प्लीज सांगा, तुम्हाला खरंच काय आवडतं?


धायरीकरीण

ताई मी पण धायरीचीच, आणि आमच्याकडे वर्षभर कोण ना कोण असतंच, कुणाचं हॉस्पिटल, कुणाची परीक्षा, कुणाचं कॉलेज अ‍ॅडमिशन. मुलं ९ आणि ४. त्यामुळे मनापासून लिहितेय.

जी भेट घरात आल्यावर घरातल्या बाईचं काम वाढतं ती भेट नकोच. चमकी आणि डिंकवाला क्राफ्टचा सेट, तो मी महिनाभर गादीतून झाडत होते. स्लाइम, सोफ्याचं कापड गेलं ते गेलंच. पाचशे तुकड्यांचं पझल, घरात रांगतं मूल असताना. माणसाएवढा टेडी, टू बीएचकेत तो कुठे ठेवणार? आणलेलं सगळं प्रेमानेच आणलेलं असतं हो, देणाऱ्याचा काही दोष नाही, पण मुलांसमोर कागद फाडला की मग परत आत ठेवता येत नाही आणि पुढचं सगळं आईला निस्तरावं लागतं.

आता आवडलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेची एक मैत्रीण परीक्षेसाठी पाच दिवस राहिली होती. स्वतःची चादर टॉवेल घेऊन आली. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरवर असतं सगळं तर तिने पहिल्याच दिवशी विचारलं की पाणी कधी येतं, किती वापरू. आणि रोज संध्याकाळी ७ वाजता ती दोन्ही मुलांना घेऊन खाली सोसायटीच्या बागेत जायची, बरोबर आठला वर. तो एक तास मी गॅससमोर शांतपणे उभी राहून पोळ्या करायचे, मध्ये कुणी पाय ओढत नव्हतं. तिने मुलांना आणलं काय होतं तर दोन रंगीत खडूच्या पेट्या आणि दोन कोऱ्या वह्या. माझा मुलगा अजून विचारतो ती मावशी परत कधी येणार.

म्हणून दोन अडीच हजारातले मुलांच्या वस्तूंवर सातआठशेच घाला. दोघांना वेगवेगळ्या पिशव्या, वर त्यांचं नाव घालून. एकत्र खेळा असं म्हणून एकच वस्तू कधीच देऊ नका, ते तुम्ही अनुभवलंच आहे. खाऊचं तुमच्या आईंचं बरोबर आहे, कोकणातून येणाऱ्यांनी कोकणातलंच आणावं. पुण्यात उतरून बाकरवडी आणि श्रुजबेरी बिस्किटं घेऊन येतात लोक, ती आम्हाला कोपऱ्यावर मिळतात. कुळथाचं पीठ, आमसुलं, साखर न घातलेलं कोकम आगळ हे मात्र इथे घरच्यासारखं मिळत नाही. सासूबाईंना शुगर आहे का ते आधी विचारा, म्हणजे आंबापोळी किती आणायची ते ठरेल.


नारायणपेठी_आजोबा

चि. वाशिष्ठीकाठ, तुमच्या मातोश्रींचं म्हणणं मला पटतं. पाहुण्याने निघताना मुलांच्या हातावर काहीतरी ठेवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. रक्कम मोठी असायची गरज नाही. आमच्या लहानपणी आत्या निघाली की दाराशी चार आणे मिळायचे, मग आई म्हणायची कशाला कशाला, आत्या म्हणायची राहू दे गं, आणि आम्ही दोघींच्या मध्ये मूठ घट्ट आवळून उभे. पण पाचशे मला जास्त वाटतात. पाचशे दिले की त्या मैत्रिणीला पुढच्या वेळी तुमच्या घरी तेवढेच द्यावे लागतात, मग ते देणंघेणं होऊन बसतं. शंभर शंभर पुरे, आणि ते नव्या कोऱ्या नोटेचे, मुलांना कोऱ्या नोटेचं अप्रूप असतं.

वस्तूंबद्दल म्हणाल तर मला लहानपणी मिळालेली एकही वस्तू आता आठवत नाही. आठवतं ते हे. आमच्याकडे राजापूरचे एक काका कोर्टाच्या कामाला येऊन राहायचे. काम संपलं की ते आम्हा भावंडांना पेशवे पार्कात न्यायचे, फुलराणीत, म्हणजे तिथल्या मुलांच्या छोट्या आगगाडीत बसवायला. फुलराणी १९५६ साली सुरू झालेली, आमच्या पिढीला तिचं भारी वेड. काका स्वतः आत बसायचे नाहीत, जाळीपाशी उभे राहून प्रत्येक फेरीला हात करायचे. मी आता पंच्याहत्तरीला आलो, तो हात अजून डोळ्यासमोर येतो.

तेव्हा मोठ्या मुलीला एक दिवस घेऊन बाहेर पडा. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई. हा जमिनीखालचा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, मुलांना त्या सरकत्या जिन्यांची आणि बोगद्याची फार मजा वाटते. मंडईतून वर आलात की तुळशीबाग चालत, तिथे पितळेची भातुकली मिळते, चूल, पाटावरवंटा, कढई, सगळं बोटाएवढं. पुढे अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानंच दुकानं. तिला दोनशे रुपये सांगा आणि तिची तिला निवडू द्या. वेळ लागेल, घाई करू नका. कात्रजचं प्राणिसंग्रहालय धायरीहून जवळ पडेल पण ते बुधवारी बंद असतं हे लक्षात ठेवा.


बालवाडी_ताई

मी कर्वेनगरला बालवाडी चालवते, २१ वर्षं झाली. आजोबांनी लिहिलेलं सगळं मस्त, फक्त भातुकलीचं थोडं थांबून करा. ८ वर्षांच्या मुलीला ती हवीच, पण घरात २ वर्षांचा आहे आणि त्या वयात प्रत्येक गोष्ट तोंडात जाते. खेळण्यांची तपासणी करताना सव्वा इंच व्यासाची एक नळी वापरतात, जी वस्तू त्या नळीत अख्खी मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही, घशात अडकू शकते. तुळशीबागेतली वाटी आणि चमचा त्यात आरामात मावतील. घ्यायचीच असेल तर झाकणाच्या डब्यासकट घ्या आणि डबा धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवायचं मोठीशी बोलून ठरवा, ८ वर्षांची मुलं जबाबदारी दिली की नीट पाळतात.

ती बॅटरी. ताई तुमचे हातपाय गार पडले ते योग्यच होतं. ही चपटी बटण बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, आणि सुरुवातीला मूल नुसतं लाळ गाळतं किंवा खात नाही, कळत पण नाही. अशी शंका जरी आली तरी उलटी काढायला जायचं नाही, घरी वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल आणि एक्सरे. हे मी दर जूनला पालकांना सांगते. खेळण्यात बटण बॅटरी असेल तर झाकणाला स्क्रू आहे का हे दुकानातच बघा, स्क्रू नाही तर घेऊ नका. गोळीएवढी लोहचुंबकं आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी पण नकोत, पोटात गेले तर दोन्ही वाईट.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क असणं आपल्याकडे सक्तीचं आहे. तो बघून घ्या. नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर मार्क दिसला नाही म्हणून लगेच खोटं समजू नका, पण रंग नखाने खरवडून बघा, निघत असेल तर ठेवून द्या.

आणि काजू. कोकणातून येताय म्हणजे काजू येणारच. अख्खा काजू, अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालच्या मुलाला नको, श्वासनलिकेत जातो. पुडा थेट आजींच्या हातात द्या, धाकट्याला कूट करून खिरीत.

दोन वर्षांच्या मुलाला काय आवडतं हे विचाराल तर माझ्या वर्गात सगळ्यात जास्त भांडण होतं ते एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांवरून. पाच डब्यांचा सेट, झाकणं लावायची काढायची, त्यात चिंचोके... नाही, चिंचोके नको, त्यात कांदे बटाटे भरायचे. भांड्यांच्या दुकानात घ्या, खेळण्यांच्या नको. खेळून झालं की आईच्या स्वयंपाकघरात कामाला येतात.


मावळतीचा_वारा

पैशांबद्दल माझं वेगळं मत आहे. आमच्या घरी मुलांच्या हातात कुणी पैसे ठेवलेले आम्हाला नको वाटतं. मुलं मग पाहुणा निघायची वाट बघतात, माझ्या मुलाने एकदा मामाला दारात विचारलं होतं की विसरलास का. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगितलं की देऊ नका. त्यामुळे मैत्रिणीच्या घरी काय पद्धत आहे ते बघून ठरवा, आजोबांच्या रीतीचा आदर ठेवूनच सांगतोय.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही. त्यांच्याकडे कामाला मावशी येत असतील तर आठ दिवस दोन माणसांची भांडी आणि धुणं जास्तीचं पडणार. निघताना त्यांच्या हातात काहीतरी द्या, आणि ते मैत्रिणीच्या कानावर घालून द्या. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी हे केलं, मावशींनी मला दोनदा सांगितलं.


वाशिष्ठीकाठ

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, आईला वाचून दाखवलं, आजोबांचं फुलराणीचं ऐकून ती बराच वेळ गप्प बसली होती. काजूचं मला खरंच माहीत नव्हतं, मी पाव किलोची पुडी धाकट्यासाठीच वेगळी बांधून ठेवली होती. आता दोन शंका. मैत्रिणीला सरळ विचारू का काय आणू म्हणून? ती म्हणणारच की काही आणू नकोस. आणि आईचा डोळा ऑपरेशन केलेला असणार, घरात दोन मुलं, त्याची पण धाकधूक आहे.


धायरीकरीण

काय आणू असं विचारलंत तर कुणीही नको म्हणणार. नेमकं विचारा. मोठी सध्या काय वाचते, मराठी वाचते का इंग्लिश मीडियमला असल्यामुळे अडखळते. धाकट्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे का. सासूबाईंना काय चालतं. आणि आमची झोपायची सोय कुठे करणार आहेस, मी चादरी आणू का. शेवटचा प्रश्न विचारलात ना की तिला फोनवरच हायसं वाटेल बघा. आणि दोन दिवस स्वयंपाक मी करणार हे आत्ताच सांगून टाका, तिच्या ऑफिसच्या दिवशी. आठ दिवसांत मला पाहुण्याकडून एकच गोष्ट मागायची असती तर मी हीच मागितली असती.


रास्ता_पेठ_०७

डोळ्याचं मी सांगतो, वडिलांचे दोन्ही डोळे झालेत. पहिला आठवडा जपायचा. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचा नाही, झोपताना वरून कडक प्लास्टिकची वाटी चिकटवायची, वाकून जड उचलायचं नाही. थेंब महिना दीड महिना चालतात आणि पहिल्या दिवसांत ते दिवसातून बऱ्याच वेळा घालावे लागतात, वेळा डॉक्टर लिहून देतात. तर या वेळी मुलांना बॉल, धनुष्यबाण, पाण्याची पिचकारी, फेकायचं उडवायचं काहीही नेऊ नका. आमच्याकडे पुतण्याने लाडाने उडी मारली आणि त्याचं डोकं वडिलांच्या गालावर आदळलं, डोळा थोडक्यात वाचला. आईंना झोपायला भिंतीच्या बाजूला जागा घ्या, धाकटा अंगावरून जाणार नाही अशी.

वडिलांना त्या दिवसांत पेपर टीव्ही कशात मन लागत नव्हतं, पण बोलायला भरपूर वेळ होता. पुतण्या रोज दुपारी त्यांच्याकडून गोष्ट ऐकायचा. तुमच्या आईंकडे कोकणातल्या गोष्टी असतीलच, भुतांच्या सोडून बाकीच्या सांगा म्हणावं.


वाशिष्ठीकाठ

परत आलो. आईचा डोळा छान आहे, आठवड्याच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले उत्तम.

काय नेलं ते लिहिते. कुळथाचं पीठ दोन किलो, आमसुलं, आगळाची एक बाटली, आंबापोळी थोडीच कारण सासूबाईंना शुगर निघाली. काजू आजींच्या हातात दिले आणि का ते पण सांगितलं, त्या म्हणाल्या बरं झालं बाई सांगितलंस, मी सरसकट देत होते. धाकट्याला स्टीलचे पाच डबे नेले, बालवाडीताई तुम्हाला शंभर नमस्कार, त्यातला सगळ्यात छोटा डबा टोपीसारखा डोक्यावर ठेवून तो घरभर फिरायचा आणि पडला की परत ठेवायचा. मोठीला रंगीत पेन्सिली आणि एक कोरी वही, बाकी काही नाही, पुस्तक तिथे जाऊन घ्यायचं ठरवलं होतं.

शनिवारी तिला घेऊन गेले, बस, मेट्रो, मंडई. सरकत्या जिन्यावरून दोनदा वरखाली झालं. अप्पा बळवंत चौकात एका दुकानात तिने तब्बल पाऊण तास लावला, तीन पुस्तकं हातात घ्यायची, किंमत बघायची, एक परत ठेवायची, मनातल्या मनात बेरीज करायची. मी मध्ये म्हणणार होते की घे गं तिन्ही, वरचे मी देते, पण आजोबांचं घाई करू नका आठवलं आणि गप्प राहिले. शेवटी दोन घेतली आणि उरलेल्या तीस रुपयांची भावाला भिंगरी. संध्याकाळी आलो तर मैत्रीण दोन तास झोपून उठली होती, धाकटा पण झोपलेला, म्हणाली किती महिन्यांनी दुपारी झोपले.

पेन्सिलींचं मात्र मला आधी सुचलं नव्हतं ते झालं. आईचे थेंब दोन प्रकारचे होते आणि माझा सारखा घोळ व्हायचा, तर मोठीने वहीचं मधलं पान फाडून तक्ता केला, एका बाटलीचा निळा रंग एकीचा केशरी, प्रत्येक वेळेपुढे चौकोन, आणि तो फ्रीजवर लावला. थेंब घातले की ती चौकोन रंगवायची. शाळेत जाताना मला बजावून जायची की १२ चा केशरी आहे. तक्ता आम्ही चिपळूणला घेऊन आलोय, आईचे थेंब अजून चालू आहेत.

मी दोन दिवस स्वयंपाक केला, कुळथाचं पिठलं आणि भात, दुसऱ्या दिवशी घावन. पैशांचं तिला आधीच विचारलं, ती म्हणाली हातात नको, मग आईने शंभर शंभरच्या कोऱ्या नोटा आजींकडे दिल्या, त्या दोघांच्या गल्ल्यात टाकणार. मावशींना पण दिले, मैत्रिणीला सांगून.


धायरीकरीण

वा वा ताई, वाचून इतकं बरं वाटलं. ते कुळथाचं पीठ तुम्ही घरी करता का विकत आणता? माझ्याकडे एकदा केलं तर कडवट झालं.


वाशिष्ठीकाठ

घरीच. कुळीथ आधी निवडून मंद आचेवर भाजायचे, खमंग वास आला की लगेच उतरवायचे, काळे पडू दिलेत की कडवट होणार, तुमचं तेच झालं असेल. गार झाले की जात्यावर किंवा गिरणीतून नुसते भरडून आणायचे, सालं पाखडून टाकायची आणि मग ती डाळ बारीक दळायची. सालं राहिली तरी चव बिघडते. मैत्रिणीच्या घरचं पीठ संपत आलंय, तिचा काल फोन होता, पुढच्या आठवड्यात ओळखीतलं कुणीतरी गाडीने पुण्याला जातंय त्यांच्याकडे देणार आहे, हवं तर तुमचं पण अर्धा किलो त्यातच देते, धायरीतच तर आहात.